पाचवी चौकट

सोनई, ६ जुलै २०२५

प्रिय आराधना,

सलाम. पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. फोन आहे हे मलाही माहीत आहे. पण फोनवर आपण दोघी "जेवलीस का" आणि "तिकडे थंडी आहे का" याच्या पुढे जात नाही, आणि मला जे विचारायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही.

तुझा लेख मिळाला. तू पाठवला नाहीस, मीच मिळवला. तुझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुष्पावती बाई आठवतात ना? आता रिटायर होऊन सावेडीत राहतात. एसटीने नगरला गेले, त्यांच्याकडे चहा घेतला आणि म्हटलं, "बाई, जर्मनीत बसून माझी मुलगी नेमकं काय करते ते मला बघायचंय." त्यांनी कम्प्युटरवर तुझं नाव टाकलं आणि कागद छापून दिले. वर तुझं पूर्ण नाव होतं, आराधना विल्सन पाटोळे. पप्पांचं विल्सन हे नाव तिकडच्या लोकांनी मधे तसंच राहू दिलं, हे बघून बरं वाटलं.

मथळ्याचं मराठी आम्ही दोघींनी मिळून केलं: 'मापाने न बदलणारे गुरुत्वाकर्षणाचे सिद्धांत: त्यांचं पुंजीकरण आणि त्यांच्या सममिती'. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "दया, यातला मला 'आणि' तेवढा नीट कळला."

पण पहिलं वाक्य त्यांनी उलगडून सांगितलं. नियम असा आहे की सगळं जग दुप्पट केलं तरी त्याला पत्ता लागत नाही. परतीच्या गाडीत मी याचाच विचार करत होते. आत्ता ही एसटी दुप्पट झाली, मी झाले, रस्ता झाला, कंडक्टरची पट्टी झाली, तर कोणाला कळणार? शेजारी आपल्या घरामागच्या छबूबाई होत्या. त्यांना विचारलं.

"कांद्याचा भाव बी दुप्पट व्हनार का?" त्या म्हणाल्या.

"भाव पण आणि भूक पण."

"मग काय उपेग? ऱ्हाऊ दे हाय तसंच."

माझे प्रश्न असे. एक, नियमाला लहानमोठं कळत नसेल तर मुंगी मुंगीएवढी का आणि डोंगर डोंगराएवढा का? कोणीतरी पहिलं माप सांगितलं असणार. कोणी? दोन, पुंजीकरण म्हणजे काय? लायब्ररीतल्या कोशात 'पुंज' म्हणजे ढीग, एवढंच आहे. गुरुत्वाकर्षणाचे ढीग कसे करतात? तिसरा प्रश्नही आहे, पण तो गणितातला नाही. नंतर कधीतरी.

पप्पांचे ब्रश मी अजून महिन्यातून एकदा टर्पेंटाइनमध्ये धुते. वापरत कोणी नाही. पण केस कडक झाले की मला बघवत नाही.

तुझी,
मम्मी


सोनई, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय आराधना,

तुझा मेसेज आला. "मम्मी, तू हे कशाला वाचतेस? तुझ्यासाठी यात काही नाही." मी फोन पालथा ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसले. परत बघते तर दुसरा मेसेज, चांगला हातभर लांब. तो मी कागदावर उतरवून घेतला, कारण स्क्रीनवरचं मला समजल्यासारखं वाटतं आणि मग समजलेलं नसतं.

तर माझी पहिली चूक तू दाखवलीस. जग दुप्पट झालं तर कोणाला कळणार नाही, असं तुझं म्हणणंच नाही. आपल्या जगात कळेल, कारण इलेक्ट्रॉनचं वजन ठरलेलं आहे आणि त्यावरून अणूचं माप ठरलेलं आहे. नियमात माप नाही, पण जगात आहे. म्हणजे ते मधे कुठेतरी आलं, आणि ते कुठून आलं हेच तुझं काम. तू लिहिलंस, सगळीकडे पसरलेलं एक क्षेत्र आहे, त्याची किंमत काहीही असली तरी नियमाला चालतं, पण विश्व कुठल्या तरी एका किमतीवर येऊन बसलं आणि मग सगळ्या वस्तूंना वजनं आली.

हे मला रविवारी चर्चच्या हॉलमध्ये कळलं. लांबलचक सतरंजी अंथरलेली असते. ती सगळीकडे सारखीच, कुठेही बसा. पण पहिली बाई एकदा बसली की पुढचं, मागचं, डावं, उजवं, सगळं तिच्यावरून ठरतं. सतरंजीत तसं काही लिहिलेलं नसतं. बरोबर आहे का? चुकलं असेल तर सरळ चूक म्हण, पुष्पावती बाईंसारखं "छान प्रयत्न" म्हणू नकोस.

आता हॉलचं नाव आलंच आहे, तर सांगते. हे मागच्या पत्रात लिहायचं होतं, पण मी गणिताच्या मागे लपले.

हॉलची मागची भिंत दोन वर्षं कोरी आहे. पप्पांनी जायच्या आधी तिच्यासाठी एक चित्र केलं होतं, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, पेन्सिलने. एक बाभूळ आहे आणि तिला सुगरणीची घरटी लोंबतायत. मंडळींनी ठरवलंय की नोव्हेंबरमध्ये सुगीच्या सणापर्यंत, धान्याकोंबड्यांचा लिलाव व्हायच्या आत, ते भिंतीवर यावं. गहिनीनाथ भाऊ रंगवणार. त्यांनी पप्पांबरोबर आयुष्यभर भिंती रंगवल्या, आता टेम्पो चालवतात, पण म्हणाले, "वैनी, मास्तरचं चित्र दुसऱ्या कुनी क्येलेलं मला चालनार न्हाई."

चित्रावर चौकटी पाडलेल्या आहेत. मापं नाहीत. एक आकडा नाही. भाऊंनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "पन पयली चौकट केवढी धरू?"

आणि मला तुझा लेख आठवला. झाडाच्या मानाने घरटं केवढं ते कळतं, घरट्याच्या मानाने पाखरू केवढं तेही कळतं. झाड केवढं, ते चित्रात कुठेच नाही.

फोनवर तू म्हणाली होतीस, त्या भिंतीबद्दल मला काही सांगू नकोस. म्हणून फोनवर सांगितलं नाही.

तुझी,
मम्मी


सोनई, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय आराधना,

सतरंजीला तू "चालेल" म्हणालीस. तेवढा एक शब्द मी पुष्पावती बाईंना फोन करून कळवला.

इकडे एक प्रताप झाला आहे. तुझे एडविन काका कमिटीचे सेक्रेटरी. त्यांचा जीव कायम घाईत. "चौकटी कसल्या मोजत बसता, आजकाल मशीन आहे," असं म्हणून कागद घेऊन नगरला गेले आणि भिंतीच्या मापाचा फ्लेक्स करून आणला. भिंत रुंद आहे, चित्र उभं आहे. दुकानातला म्हणाला, ताणून देतो. यांनी ताणून आणलं.

आम्ही सगळे बघायला जमलो. बाभळीचा भोपळा झाला होता. घरटी धान्याच्या कणगीएवढी आणि पाखरं बॉयलर कोंबड्यांसारखी. छबूबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "अवो, सुगीच्या लिलावाला दुसऱ्या कोंबड्या आनूच नका, हीच इका. दोन किलोचं एक भरल!" पाळकसाहेबांनासुद्धा हसू आवरलं नाही. एडविन भावजी मात्र म्हणत राहिले, "लांबून बघा, लांबून बघा." जितकं लांब जावं तितकी ती जाडच दिसे.

मी मात्र जवळ गेले. पप्पांची पेन्सिलची बारीक रेघ दोरखंडासारखी जाड झाली होती, आणि तिच्या कडेला पायऱ्या पायऱ्या, चौकोनी ठिपके. कागदाचा खडबडीतपणाही मोठा होऊन आला होता. मूळ चित्रात हे काही दिसत नाही. मोठं केल्यावर दिसतं.

नेमकं त्याच आठवड्यात तुझं उत्तर आलं होतं, पुंजीकरणाबद्दल. ढीग नव्हे म्हणालीस. निसर्ग बारकाव्यात स्थिर नसतो, थरथरतो. ती थरथर मोठ्या मापाची, लहान मापाची, त्याहून लहान मापाची, सगळी बेरजेत घ्यावी लागते. बेरीज हाताबाहेर जाते. ती आवरायला बाहेरून एक पट्टी आणावी लागते, आणि हिशोब झाल्यावर पट्टी काढून घेतली तरी तिचा वळ राहतो. ज्या सिद्धांताला माप माहीत नव्हतं त्याला आता एक माप माहीत झालं. सममिती मोडली, आणि कोणी मुद्दाम मोडलीही नाही.

मी हे तीनदा वाचलं आणि पप्पांचे ब्रश घेऊन बसले. चित्र कितीही लहानमोठं करा, ब्रशच्या केसाची जाडी एकच. मनातलं चित्र कुठल्याही मापाचं असतं. ब्रश टेकला की माप आत शिरतं. असंच ना?

पण तुझं पुढचं मला कळलं नाही. तू म्हणतेस, पट्टी बाहेरून आणायचीच नाही. ते जे सगळीकडे पसरलेलं क्षेत्र आहे, त्याचीच पट्टी करायची. मग बाहेरचं माप आत येत नाही आणि सममिती टिकते. हे कसं? ज्याच्यामुळे मापं आली तेच क्षेत्र पट्टी म्हणून वापरायचं, आणि उद्या तेच बदललं तर पट्टीही बदलणार. मग मोजलं काय? हे म्हणजे कापडानेच कापड मोजण्यासारखं झालं.

फ्लेक्स उतरवला. घडी घालून माळ्यावर टाकलाय, पुढच्या पावसाळ्यात शेळ्यांच्या गोठ्यावर उपयोगी पडेल. फ्लेक्सबद्दल तुला लिहावं की नाही, याचा विचार केला होता. मग वाटलं, न लिहिण्याने तरी काय झालंय एवढ्या वर्षांत.

तुझी,
मम्मी


सोनई, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय आराधना,

"ब्रशची गोष्ट अर्धी बरोबर" म्हणालीस. कुठली अर्धी, ते सांगायला विसरलीस. पण राहू दे, कारण दुसरी अर्धी मला वाटतं सापडली आहे. निवांत बसून वाच.

फ्लेक्सचं फसल्यावर मी गहिनीनाथ भाऊंना विचारलं, "इतकी वर्षं पहिली चौकट तुम्ही कशावरून धरत होतात?"

म्हणाले, "मास्तर फूटपट्टी धरायचेच न्हाईत. म्हनायचे, आदी मानूस उभा कर. मानसानं हात वर करायचा. जमिनीपासून बोटापातूर पाच भाग. एक भाग म्हंजे एक चौकट. बोट पोचंल तिथं पाचवी चौकट."

"कोणताही माणूस?"

"आवो, मानूस कसला! तुमची पोरगीच. दुसऱ्या कुनाला उभं करायचेच न्हाईत."

पप्पा तुला भिंतीपाशी उभं करत, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, शाळा सुटल्यावर तू त्यांच्याबरोबर कामावर जायचीस, तर पोरीला गुंतवून ठेवायला करत असतील. ते माप होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुला होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात निघाले. पप्पांची अक्षरं अजून किती ठिकाणी आहेत! आधी पिठाची गिरणी. ती रंगवली तेव्हा तू दुसरीत होतीस, कारण तुझ्या फ्रॉकला निळा रंग लागला होता आणि तो निघाला नाही. मी अक्षराला वीत लावली. दीड वीत भरलं. गिरणीवाले आतून म्हणाले, "काकू, भिंत विकत घेताय का?" म्हटलं, "परवडली तर घेईन." मग सायकलचं दुकान. तेव्हा तू सहावीत. दीड वीत आणि वर दोन बोटं. तिथे मी थबकले. मग भरभर चालत डेअरीपर्यंत गेले.

डेअरीची भिंत तुला सांगायला नको. तिथे फ्लेक्स आला तेव्हा तू नगरला कॉलेजात, संध्याकाळी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करून फी भरत होतीस, आणि डेअरीचा नवा फ्लेक्स तुझ्याच हातून गेला. तो पप्पांच्या अक्षरांवरच टांगला. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "माझ्या अक्षरावर माझ्याच पोरीने पडदा टाकला." तू म्हणालीस, "पप्पा, तुमच्या अक्षरांचे दिवस गेले." दोघंही एकेकच वाक्य बोललात. त्यावर इतकी वर्षं कशी काय निघाली, मला समजत नाही. त्यांना पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी तू आलीस. विमानाला तेवढा वेळ लागणारच होता. पण गाव अजूनही तेच धरून बसलं आहे आणि मला वाटतं तूही.

तर तो फ्लेक्स या उन्हाळ्याच्या वाऱ्यात फाटला. खाली पप्पांची अक्षरं तशीच आहेत. दोन विती, पूर्ण. ती रंगवायला तू उभी राहिलीस तेव्हा बारावीत होतीस.

कळलं का तुला? तू वाढत गेलीस तशी गावातली अक्षरं वाढत गेली. आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येक भिंतीवर प्रमाण बरोबर होतं. रेघेची जाडी, कान्याची उंची, अक्षरांतली जागा, सगळं एकमेकांच्या मानाने जिथल्या तिथे. पट्टी स्वतःच वाढत होती आणि चित्राला पत्ता नव्हता. तुझं क्षेत्राची पट्टी करण्याचं म्हणणं असंच काहीसं आहे का? मी म्हणत नाही की हेच आहे. पण गिरणीपासून डेअरीपर्यंत चालताना मला पहिल्यांदा ते वाक्य अंगावर धावून आलं नाही.

अजून एक बघितलं. तू गेल्यानंतर पप्पांनी जे काम केलं, शाळेची भिंत, टेम्पो स्टँडची शेड, ते सगळं मोजलं. सगळीकडे दोन विती. वाढलं नाही, घटलं नाही. भाऊंना विचारलं, "तेव्हा कोणाला उभं करत होते?"

भाऊ म्हणाले, "कुनालाच न्हाई. सुतळी हुती त्यांच्याकडं, गाठ मारल्याली. डेअरीच्या वक्ताला पोरीची घेतली हुती, टाचंपासून बोटापातूर. मागनं तीच लावायचे. मी एकदा म्हनलो, मास्तर, मी ऱ्हातो की उभा. तर म्हनले, तुजं माप गावाला लागू पडत न्हाई."

तुझी,
मम्मी


सोनई, १९ ऑक्टोबर २०२५

प्रिय आराधना,

तुझ्याकडून काही नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणाही नाहीत, कारण मी मेसेज केलाच नाही. पत्र पोचलं असेल असं धरते.

लेखाचं शेवटचं पान वाचून झालं. पुष्पावती बाईंना घेऊन वाचलं. तू प्रामाणिकपणे लिहिलंयस की हा मार्ग फुकट नाही. क्षेत्राची पट्टी केली की पुढच्या प्रत्येक पायरीला समीकरणात नवी नवी पदं घालावी लागतात, त्यांना अंत नाही. आणि गुरुत्वाकर्षण घेतलं की एक भूत निघतं. आम्ही दोघी त्या शब्दावर अडलो. बाईंनी शोधून सांगितलं की खरंच तसंच म्हणतात, हिशोबात असं काहीतरी येतं की ज्याची शक्यता शून्यापेक्षा कमी भरते. छबूबाईंना सांगितलं तर त्या काळजीत पडल्या. "पोर एवढ्या लांब एकटी, आन् त्यात भूत? लिंबू पाठवू का कुरियरनं?" त्या भुताचं काय करायचं हे अजून कोणालाच नीट माहीत नाही, असं तू लिहिलंयस. शिकलेली माणसं असं छापून सांगतात, हे मला आवडलं.

आता भिंतीचं. सुतळी नाही. पप्पांची रंगाची पेटी गहिनीनाथ भाऊंकडे होती, सुतळी तिच्यात होती. मागच्या साली कांद्याच्या गोणीचं तोंड बांधायला काही मिळेना, तर भाऊंनी तीच घेतली. गोणी घोडेगावच्या मार्केटला गेली. हे सांगताना तो मोठा माणूस ओट्यावर बसून रडला. "मास्तरची सुतळी मी कांद्याला लावली, वैनी." मी चहा केला. दुसरं काय करणार? सुतळी दिसायला सुतळीसारखीच असते.

एडविन भावजी म्हणतात, "मी उभा राहतो. एवढं काय त्यात? चित्र लहान झालं काय, मोठं झालं काय, चित्र तेच." आणि गणिताने बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. तूच लिहिलंयस, सगळ्या किमती सारख्याच चालतात. मी मंडळींसमोर तसं कबूलही केलं. पण मग म्हटलं, या गावात पहिली बाई सतरंजीवर आधीच बसून गेली आहे. गिरणी, सायकलवाला, डेअरी, शाळा, सगळं तिच्यावरून लागलेलं आहे. एकटीच भिंत भावजींच्या मापाची झाली तर ती भिंत गावाला अनोळखी वाटेल. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही आजकाल काय बोलता ते फक्त तुम्हालाच कळतं." पण त्यांनी हट्ट सोडला. सणाच्या आधीच्या आठवड्यापर्यंत थांबायचं ठरलं. त्यानंतर ते उभे राहणार.

तर माझा तिसरा प्रश्न हा. जुलैमध्ये लिहायला धजावले नाही. तू येऊन त्या भिंतीपाशी उभी राहशील का?

नाही म्हणालीस तरी तुझं पुढचं काम मला पाठवत जा. भुताचं काय झालं ते मला कळायला हवं.

तुझी,
मम्मी


सोनई, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आराधना,

पार्सल पोचलं. पोस्टमनने हलवून बघितलं आणि विचारलं, "आत काय हाय? काहीच वाजत नाही." मी त्याच्यासमोरच फोडलं. आत पांढरी दोरी, दोन्ही टोकांना गाठ, आणि तुझी चिठ्ठी. पोस्टमन म्हणाला, "जर्मनीवरनं दोरी? आपल्याकडं मिळत नाही व्हय?" म्हटलं, "ही नाही मिळत."

चिठ्ठी इथे परत लिहिते, म्हणजे मी नीट वाचली की नाही ते तुला कळेल. "मम्मी, सण आहे त्या आठवड्यात मला निघता येत नाही. आणि निघता आलं असतं तरी सगळ्यांसमोर त्या भिंतीपाशी उभी राहू शकले असते का, मला माहीत नाही. दाराला पाठ लावून एका मैत्रिणीकडून माप घेतलं, चपला काढून. पप्पा चपलेसकट घेत नसत. मला माहीत होतं ते माप आहे. पण अक्षरं माझ्याबरोबर वाढली, हे माहीत नव्हतं. दोन विती ऐकल्यावर मी दोन दिवस कामाला गेले नाही."

गहिनीनाथ भाऊंनी आधी हात साबणाने धुतले, मग दोरीला हात लावला. आणि सरळ हॉलकडे गेले नाहीत. मला म्हणाले, "वैनी, चला डेअरीवर." तिथे भिंतीला दोरी लावली, पाच घड्या केल्या, पप्पांच्या अक्षराखाली चौकटीच्या ज्या पुसट खुणा राहिल्यात त्यांच्यावर धरली. केसभर फरक नाही. भाऊ बराच वेळ दोरी तशीच धरून उभे राहिले. मग दोन घड्या घालून खिशात टाकली, पेटीत नाही. म्हणाले, "आता कांद्याच्या आसपास बी नेत न्हाई."

झाड आठ चौकटी उंच आलं. छपराखाली एक वीत जागा उरली. पप्पांनी ती भिंत मोजली होती की नाही, कोण जाणे. पाखरं पाखरांएवढी आहेत. मागच्या रविवारी सुगीचा सण झाला, बाजरी, भोपळे, कोंबड्या सगळं भिंतीपाशीच मांडलं होतं. लिलावात छबूबाईंनी एक कोंबडी घेतली आणि चित्राकडे बघून म्हणाल्या, "आता कसं, झाड म्हनल्यावर झाड दिसतंय." एडविन भावजी येईल त्याला सांगत होते की लांबून बघा. या वेळी लांबून खरंच चांगलं दिसतं.

एक गोष्ट राहिली आहे. तू चिठ्ठीच्या पाठीमागे, पेन्सिलने, विचारलंस: "पाचव्या चौकटीत काय आलं?"

पाचव्या चौकटीच्या वरच्या रेघेवर, डावीकडे, सर्वांत खालचं घरटं येतं. आठ चौकटींच्या झाडात जिथे तुझं बोट पोचतं, बरोबर तिथे. पप्पांनी ते मुद्दाम तिथे काढलं की आपोआप तिथे आलं, हे मी सांगू शकत नाही, आणि न कळणारी गोष्ट कळते असं मला सांगायचंही नाही. तूसुद्धा तुझ्या लेखात सांगितलं नाहीस.

पण ते घरटं आम्ही रंगवलेलं नाही. बाकी सगळी भरली, ते एकटं नुसतं रेघेत आहे. लोकांनी विचारलं तर भाऊ सांगतात, रंग संपला. रंग संपलेला नाही. पप्पांचा बारका ब्रश मी धुऊन ठेवलाय. बोट तिथवर पोचतं का, हे दोरीला विचारून कळत नाही.

सगळ्यांसमोर उभं राहायला नको. कामाच्या दिवशी हॉलमध्ये कोणी नसतं, किल्ली माझ्याकडे आहे.

आणि पेन्सिलने अगदी खाली कोपऱ्यात जे विचारलंस, त्याचं उत्तर: हो, नगरहून संध्याकाळची सोनई गाडी अजून आहे.

तुझी,
मम्मी